"बरी हाय मी" एवढंच लिहू?

तायांनो, मावशींनो, आरोग्याची माहिती भरायला मी घरोघर फिरले. "काही त्रास?" विचारलं की उत्तर एकच, "काय नाय गं, बरी हाय मी." आणि चहा ठेवायला उठताना कमरेवर हात! पाहिलंय मी.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायांची पाहणी केली. शंभरात 92 जणींना अंगावर काढलेलं बायकांचं दुखणं निघालं. आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8. हे आकडे 1989 साली छापून आले, तेव्हा कुठे डॉक्टरमंडळींचं लक्ष गेलं.

आपल्या वहीत सगळ्याच "बऱ्या" असल्या, तर तपासणी शिबिर कशाच्या जोरावर मागू? पुढच्या बैठकीनंतर एकेकीजवळ वेगळी बसते. नाव नको तर नको, नुसता आकडा धरू.