काळी चारचा हट्ट

देवळ्यात काय किंवा आपल्या कसमादे पट्ट्यातल्या कुठल्याही गावात काय, हरिनाम सप्ताह बसला की एक जुना वाद डोकं वर काढतो. गायनाच्या क्लासचे गुरुजी शिष्याला बजावतात, ‘भजनात ओरडू नकोस, गळा जाईल.’ भजनी मंडळाचे बुवा म्हणतात, ‘क्लासातला आवाज पहिल्या रांगेपुढे जात नाही.’ वाद तंत्राचा वाटतो, पण माझ्या मते मूळ आहे पट्टीत. ख्याल गाणारे पुरुष साधारण काळी एकच्या आसपास षड्ज धरतात. वारकरी भजन मात्र काळी चार-पाचला चालतं, म्हणजे एरवी शास्त्रीय गायिकांच्या पट्टीत. याला कारण होतं. उघडं पटांगण, पखवाज आणि टाळांचा गजर यांतून माइकशिवाय शब्द पोचवायचे तर आवाज चढाच लागे. आता मंडपात चार कर्णे लागतात, तरी पट्टी तिथेच आहे.

मग समूहात गाऊन गळा बिघडतो का? १९८६ साली रॉसिंग, सुंदबर्ग आणि टर्नस्ट्रम यांनी पाश्चात्त्य गायकांचा आवाज एकट्याने गाताना आणि वृंदात गाताना मोजून पाहिला. एकट्याने गाताना पुरुष गायक आवाजाला जी धार देतात, ती वृंदात आपण होऊन आवरतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे एकच गळा दोन्ही रीती सांभाळू शकतो. धोका वेगळा आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११मध्येच दाखवलं होतं. टाळांच्या गजरात स्वतःचा स्वर ऐकू येत नाही आणि पट्टीही दुसऱ्याची, अशी गाठ पडली की गळ्याला इजा होते. आवाज फुटण्याच्या वयातला टाळकरी तार षड्जाला हनुवटी कशी उचलतो, मानेच्या शिरा कशा तट्ट फुगतात, ते बघा. या ताणाचा दोष ना भजनाचा, ना क्लासचा; तो चढ्या पट्टीचा.

यावर कोणी म्हणेल, पट्टी उतरवली तर भजनाचा जोश जाईल. पण भीमसेन जोशींनी अभंग स्वतःच्या पट्टीत गायले, तरी सभागृहं दुमदुमली. जोश लयीत असतो. ध्रुपद टाळकऱ्यांनी एका दमात उचलण्यात असतो. आणि शिस्तीचं गाणं व सामुदायिक नामगजर यांचं वैर असतं, तर लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी पुढे आपल्या नाशकात रामनामाचा आश्रम कशाला थाटला असता? तेव्हा यंदाच्या सप्ताहात नुसत्या बुवांच्या ताना मोजू नका. ध्रुपद उचलणाऱ्यांचे स्वर एकत्र मिळतात की नुसते एकमेकांवर चढतात, तिकडे कान द्या. चढत असतील, तर पेटीवाल्याला सांगा, एक पट्टी खाली घे बाबा.