मूठभर सळया आणि आपला दाम

आजचा ग्रीक शब्द आहे द्रख्मे. द्रख्मे म्हणजे चांदीचं नाणं, आणि वजनाचं मापही. अथेन्सच्या द्रख्मेत साधारण 4.3 ग्रॅम चांदी असे. या शब्दाच्या मूळ क्रियापदाचा अर्थ मुठीत धरणं, म्हणून द्रख्मे म्हणजे मूठभर. पण मूठभर काय? तर लोखंडी सळया! मांस भाजायच्या सळयांना म्हणत ओबेलोस, त्यावरूनच ओबोल हे लहान नाणं आलं. सहा ओबोलांचा एक द्रख्मे. मुठीत सहाच सळया मावतात, असं ग्रीक लेखक प्लूटार्कनं नोंदवलंय. आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या मंदिरात अशा सळयांची जुडी खरोखरच सापडली.

ग्रीकमध्ये द्रख्मे हे नाम स्त्रीलिंगी. ‘द्रख्मेचा’ म्हणायचं तर द्रख्मेस, कर्म असेल तर द्रख्मेन, अनेकवचनी द्रख्माइ. आपण प्रत्यय जोडतो तसंच हे, फक्त तिथं विभक्ती आणि वचन एकाच प्रत्ययात येतात.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो या शब्दाचा पूर्वेकडचा प्रवास. संस्कृतात त्याचा द्रम्म झाला. कोकणच्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत द्रम्म भेटतात, आणि त्यातूनच आपला ‘दाम’ आला. अरबांचा दिरहम याच घराण्यातला. ग्रीसमध्ये मात्र 2002 साली युरोची नाणी-नोटा आल्या आणि द्रख्मे व्यवहारातून गेला.