पडलेल्या झाडाची सुरक्षित तोड
(भाषणाचा मजकूर)



१७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. त्याच्या वाऱ्याने सुरत शहरात व आसपासही झाडे उन्मळून पडली. अशा प्रसंगी रस्ता मोकळा करणे हे पहिले काम असते आणि घाईही तेव्हाच सर्वांत अधिक असते. उभे झाड पाडताना माणूस सावध राहतो. आडवे झाड मात्र निरुपद्रवी समजले जाते. हा समजच घातक होय. वाकविलेल्या धनुष्याप्रमाणे पडलेल्या झाडाच्या खोडात व फांद्यांत जोर साठून राहतो आणि करवत चालताच तो सुटतो.

सुरतच्या पूर्वेस मांडवी, उमरपाडा आणि पुढे डांगपर्यंत सागाची जंगले आहेत. तेथील आदिवासी कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाडीने व दोघांनी ओढावयाच्या करवतीने लाकूड तोडले. हातकरवत सावकाश चालते. लाकूड कडाडू लागले की मागे सरावयास अवसर मिळतो. यांत्रिक साखळी-करवतीत तो अवसर नाही. तिची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर या वेगाने धावते. म्हणून विचार करावयाचा तो यंत्र सुरू करण्यापूर्वीच.

कामापूर्वीची तयारी

झाडाखाली विजेची तार अडकली असल्यास, प्रवाह बंद झाल्याचे वीज कंपनीने सांगेपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये. करवत चालविणाऱ्याने शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांवर संरक्षक, जाड बूट आणि साखळी अडविणाऱ्या तंतूंची खास विजार वापरावी. धोतराचा सोगा, पदर किंवा गळ्यातील उपरणे मोकळे असू नये. इतरांनी किमान ५ मीटर दूर राहावे. यंत्र जमिनीवर टेकवून, साखळीचा ब्रेक लावूनच सुरू करावे. इंधन भरताना यंत्र थंड असावे आणि विडीकाडी दूर ठेवावी.

पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशासही लागू देऊ नये. तो लाकडात अडकताच करवत क्षणार्धात उसळून तोंडाकडे येते. यास्तव दोन्ही हातांचे अंगठे मुठींभोवती घट्ट वळवून धरावेत. एका हाताने किंवा खांद्याच्या वर करवत कदापि चालवू नये.

फांद्या छाटणे

छाटणी बुंध्याकडून शेंड्याकडे करीत जावे. शक्य तेथे खोड मध्ये ठेवून पलीकडच्या बाजूच्या फांद्या कापाव्यात, म्हणजे पाय व साखळी यांमध्ये खोडाची आड राहते. उतारावर नेहमी वरच्या अंगास उभे राहावे. खोड गडगडले तर ते खालीच जाते. ज्या फांद्यांवर खोड टेकलेले असते त्या शेवटपर्यंत राखाव्यात. खोडाखाली दबून कमानीसारखी वाकलेली कोवळी फांदी सर्वांत फसवी असते. ती एकदम तोडल्यास चाबकासारखी उसळते. अशा फांदीच्या आतील बाजूस थोडे थोडे लाकूड काढून तिचा ताण हळूहळू उतरवावा आणि आपण तिच्या उसळण्याच्या दिशेत उभे राहू नये.

ओंडके पाडणे

येथे एकच नियम ध्यानी धरावा : प्रथम दाबाची बाजू, मग ताणाची. खोड दोन्ही टोकांना टेकलेले व मध्ये अधांतरी असेल, तर वरच्या अंगास दाब व खालच्या अंगास ताण असतो. तेव्हा वरून एकतृतीयांश काप घ्यावा व उरलेला खालून पुरा करावा. एकच टोक टेकलेले व दुसरे अधांतरी असेल, तर याच्या उलट करावे : आधी खालून एकतृतीयांश, नंतर वरून. नियम चुकला तर काप मिटून पाते अडकते किंवा खोड उभे फाटते. काप मिटू लागल्यास त्यात लाकडाची वा प्लास्टिकची पाचर ठोकावी. लोखंडाची पाचर साखळीस लागल्यास इजा होते. खोड सपाट जमिनीवर असल्यास वरून दोनतृतीयांश कापून ते उलटवावे व मग उरलेला भाग कापावा. साखळी मातीस लागली की तिची धार जाते, आणि बोथट करवत अधिक जोर मागते.

मुळांसकट उपटलेल्या झाडाचा धोका वेगळाच आहे. खोड तुटून भार हलका होताच मातीसह मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात कोणी उभे असल्यास तो गाडला जाईल. हा काप अनुभवी माणसाकडेच सोपवावा आणि त्यापूर्वी खड्डा रिकामा असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी.

वादळानंतर पडलेली झाडे मुलांना खेळण्याची जागा वाटतात. शिक्षकांनी हा गड्ड्याचा धोका वर्गात समजावून द्यावा. ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वीच प्रशिक्षित माणसांची नावे नोंदवून ठेवावीत आणि करवतीबरोबर संरक्षक पोशाखही खरेदी करावा. रस्ता तासभर उशिरा मोकळा झाला तरी गावाचे फारसे बिघडत नाही. घरचा कर्ता गेला तर ती हानी कोणत्याही उपायाने भरून निघत नाही.