पिवळा दिवा विझवण्याआधी

घरीच एअर फिल्टर बदलला, गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. अशा वेळी लगेच बॅटरीची तार काढू नका. दिवा त्याने विझेलही, पण गाडीत साठलेला दोषाचा कोड पुसला जातो आणि दोष तसाच राहतो. शिवाय घड्याळ, रेडिओ पुन्हा लावत बसायचं ते वेगळंच!

आधी बॉनेट उघडा. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा नीट बसल्यात का? हवेच्या सेन्सरचा प्लग 'टक्' आवाज येईपर्यंत आत गेलाय का? नळीचा क्लॅम्प सैल असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आणि पी ०१७१ हा कोड येतो. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

कोड वाचायला स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावा. कोड लिहून घ्या, दुरुस्ती करा, मगच पुसा. खरं तर पुसायचीही घाई नको. दोष गेला असेल तर साधारण तीन व्यवस्थित फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

मात्र दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो महागडा असतो. गाडी बाजूला घ्या, मेकॅनिकला बोलवा.