व्हेनिसला दुसऱ्यांदा जाताना

श्रोतेहो, आपल्या घरच्या जुन्या दागिन्यांत पुतळ्यांची माळ असेल तर ती एकदा निरखून पाहा. पुतळी हे मुळात सोन्याच्या नाण्याचे नाव. इटलीतील व्हेनिस शहराची नाणी व्यापाराच्या ओघात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत. त्यांवर माणसांच्या आकृती असत, म्हणून आपल्या लोकांनी त्यांना पुतळी म्हटले. ती नाणी पाडणाऱ्या गावाविषयी आज थोडे बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, एकदा जायची मारामार आणि तुम्ही दुसऱ्या खेपेच्या गोष्टी सांगता! बरोबर आहे. पण आता खेड्यापाड्यांतील मुलेमुलीही नोकरीनिमित्त युरोपात जातात, आईवडिलांना बोलावून घेतात. आणि शिक्षकबंधूंना तर वर्गात बसूनही हे गाव मुलांना दाखवता येईल.

पहिल्या खेपेस सगळे एकच करतात. सेंट मार्कचे देऊळ, शेजारचा राजवाडा, रियाल्टोचा पूल, गोंडोला नावेबरोबर फोटो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मीही तसाच परतलो होतो. शंभरावर बेटे, चारशेच्या आसपास पूल, रस्त्यांऐवजी कालवे, एवढे डोक्यात राहिले. पण ही माणसे पाण्यात राहून पाणी पीत कुठले होती, हा साधा प्रश्नही मला तेव्हा पडला नाही. खेड्यात वाढलेल्या माणसाला तो पहिला पडायला हवा होता.

म्हणून दुसऱ्या खेपेस पहिले काम हे करा, की कोणत्याही चौकात जाऊन दगडी विहिरीपाशी उभे राहा. तिथे चौकाला कांपो म्हणतात, म्हणजे शेत. एके काळी तिथे गवत उगवत असे. प्रत्येक चौकात कोरीव दगडाचा काठ दिसतो, वर लोखंडी झाकण. आपल्याला वाटते विहीर आहे, पण तिला झरा नाही. खाली गेलात तर खारे पाणीच लागणार! मग त्यांनी काय केले? चौक खोल खणला, खड्ड्याला तळापासून चिकणमातीचा जाड लेप दिला, म्हणजे बाहेरचे खारे पाणी आत यायला नको. मधोमध विटांची नळी उभारली आणि उरलेला खड्डा वाळूने भरला. वर फरशी घातली, तिला किंचित उतार दिला आणि पाणी आत जायला छिद्रांचे दगड बसवले. छपरांवरचे पावसाचे पाणी पन्हळीतून चौकात यायचे, वाळूतून गाळत गाळत मधल्या नळीत साठायचे. चौकाखाली एवढे मोठे गाळणे, आणि वरून माणसे चालताहेत! १८५८ च्या मोजणीत अशा विहिरी सहा हजारांच्या वर भरल्या. झाकणांना कुलपे असत, ठरलेल्या वेळी ती उघडत. पाऊस कमी झाला की मुख्य भूमीवरच्या नदीचे पाणी होड्यांतून आणावे लागे. म्हणजे टँकर म्हणाना! १८८४ मध्ये नळाचे पाणी आले आणि झाकणे कायमची बंद झाली. पाणी अडवा, पाणी जिरवा असे आपण म्हणतो, त्यातला अडवण्याचा भाग या लोकांनी चौकाचौकांत करून ठेवला होता.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. रात्री गावातच मुक्काम करा. २०२४ पासून वर्षातील काही ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्याला प्रवेशाचे पैसे भरावे लागू लागले; मुक्कामी पाहुण्याला ती पट्टी नाही. निघण्यापूर्वी त्या वर्षाचा नियम पाहून घ्या. शिवाय खरे गाव पहाटे आणि रात्री नऊनंतरच दिसते. पत्ता घेताना गल्लीचे नाव जरूर घ्या. घरांचे क्रमांक गल्लीवार नसून पेठवार आहेत, पेठा सहाच, आणि क्रमांक हजारांत जातात. नुसत्या क्रमांकावर विसंबून मी पाऊण तास भटकलो. आणि गोंडोलाचा खर्च परवडत नसेल तर मोठ्या कालव्यावर उतारूंना पलीकडे सोडणारी गोंडोला असते, दोन-चार मिनिटांचे काम. पैसे अगदी थोडे. तोल सावरता आला तर गावकऱ्यांसारखे उभ्याने जा.

सकाळी रियाल्टोच्या मासळीबाजारात जाऊन या. तिथे भिंतीवर एक जुनी दगडी पाटी आहे. कोणता मासा किमान किती लांबीचा झाल्याशिवाय विकायचा नाही, ती मापे तीवर कोरलेली आहेत. पिल्ले धरली तर पुढच्या वर्षी खायचे काय, हा हिशोब! जवळच्या भाजीवाल्याकडे सांत एराझ्मो बेटावरची भाजी मिळते. तिथल्या खारवट जमिनीत आर्टिचोक नावाची, कमळाच्या कळीसारखी जांभळी भाजी होते, आणि शेतकरी ती होडीतून बाजारात आणतो.

पायांखालचा मामला मात्र गंभीर आहे. हे शहर चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभे आहे. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड शतकानुशतके कुजले नाही. आजूबाजूचे उथळ पाणी म्हणजे भूगोलातले खारकच्छ. नद्यांच्या गाळाने ते भरून जाईल म्हणून व्हेनिसच्या सरकारने ब्रेंता, पियावेसारख्या नद्यांची मुखेच वळवली. पण विसाव्या शतकात कारखान्यांनी भूगर्भातले पाणी उपसले, जमीन खचली, समुद्रही चढला. दोन्ही मिळून फरक वीतभराचा! विंधनविहिरी खोल खोल नेणाऱ्या गावांनी याकडे जरा पाहावे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी नेहमीच्या पातळीहून १९४ सेंटिमीटर चढले. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७. आता खारकच्छाच्या तीन तोंडांशी ७८ लोखंडी झडपा समुद्रतळाशी निजलेल्या असतात, मोठी भरती येणार असली की उभ्या राहतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी प्रथमच भरती अडवली आणि गाव कोरडे राहिले.

पाणी अडले, पण माणसांचे जाणे अडले नाही. हे समजायला होडीने तोर्चेल्लो बेटावर जा. तिथले मोठे देऊळ इ. स. ६३९ मध्ये स्थापन झालेले. एके काळी हजारोंची वस्ती. मग गाळ साचला, दलदल झाली, हिवताप आला, लोक गेले आणि घरांचे दगडही व्हेनिसला नेले. आज रहिवासी बोटांवर मोजण्याइतके.

व्हेनिसच्या जुन्या बेटांवर १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात लोक राहत. घरे पाहुण्यांना भाड्याने देण्यात जास्त पैसा, म्हणून तरुण जोडप्यांना घर मिळेना. २००९ मध्ये वस्ती साठ हजारांच्या खाली गेली तेव्हा गावकऱ्यांनी होडीत शवपेटी ठेवून शहराची अंत्ययात्रा काढली. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्याही खाली आला. रियाल्टोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत हा आकडा लावलेला असतो. पहिल्या खेपेस मी त्याच चौकातून गेलो होतो आणि तो मला दिसला नव्हता. तुम्ही सकाळी लवकर जा. दहानंतर तिथे इतकी गर्दी होते, की ती काच झाकून जाते.