वामनदादांची नाममुद्रा



लोणावळ्यात चिक्कीचे कौतुक सांगावयास नको. पण वामनदादा कर्डकांनी मुंबईत पोटाकरिता चिक्कीही विकली, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा, १९२२ साली जन्मलेला हा माणूस कोळशाच्या वखारीतही राबला. एकदा कोणी पत्र वाचावयास दिले. वाचता येईना, तेव्हा रडू कोसळले. मग बाराखडी गिरविली, दुकानांच्या पाट्या वाचीत अक्षर पक्के केले. १९४३ साली पहिले गीत रचले, तेही हिंदी सिनेमाच्या चालीवर. विद्वानांनी खुशाल नाक मुरडावे. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसविणे ही आपल्या लोकगीतांची जुनीच रीत आहे.

आता माझी एक चूक सांगतो. तळेगावच्या एका द्वारसभेकरिता पत्रक छापले, त्यात दादांचे गीत घातले. जागा पुरेना, म्हणून शेवटचे कडवे गाळले. रात्रपाळीचा एक कामगार म्हणाला, "भाऊ, दादांचं नावच कापलंत की!" त्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा होती. भंडारा डोंगराच्या पायथ्याला वाढलेला माणूस तो! तुकोबांच्या अभंगाचा शेवट कोणी गाळील काय? हजेरीपटावरून मजुराचे नाव खोडले तर मी संप पुकारीन. आणि येथे खोडणारा मीच!

दादा २००४ साली गेले. जयंतीला त्यांची गाणी गावोगाव वाजतात, गळे निरनिराळे. रचणाऱ्याचे नाव पुष्कळदा त्या शेवटच्या कडव्यातच कानी पडते. पत्रक आम्ही पुन्हा छापले, दोन पानी. खर्च वर्गणीतून गेला. खजिनदार बरेच दिवस कुरकुरत होते.