अर्धांगवायूनंतरची पावले

(डाळज येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेले भाषण)



घरातील कर्ता मनुष्य अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतो, रुग्णालयातून जीव वाचून परत येतो आणि मग ओसरीवरील खाटेवरच राहतो. आज मी बोलणार आहे ते या खाटेविषयी.

नावात वायू असला तरी हा विकार मेंदूच्या रक्तवाहिनीचा आहे. वाहिनी तुंबते अथवा फुटते आणि मेंदूचा काही भाग निकामी होतो. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वाहिनी तुंबली असल्यास गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

पाय स्वतः धड असतो; मेंदूकडून त्याला मिळणारी आज्ञा खुंटलेली असते. म्हणून केवळ तेल चोळून चाल परत येत नाही. तेल चोळण्यास माझा विरोध नाही, रुग्णाला त्याने बरे वाटते. परंतु कबुतराच्या रक्ताचा किंवा दूरगावच्या औषधाचा शोध घेण्यात जे आठवडे जातात, ते फार मोलाचे असतात. मेंदूचे शाबूत भाग हरवलेले काम पुष्कळ अंशी नव्याने शिकतात आणि यातील बरीचशी प्रगती पहिल्या तीन महिन्यांत होते. पुढेही ती होते, मात्र संथपणे.

हे शिक्षण कसे होते, ते येथील गुरुजनांना सांगावयास नको. अक्षर गिरवून वळणदार होते, तसे चालणे चालूनच सुधारते. खुर्चीवरून पुनःपुन्हा उठणे-बसणे, आधाराने उभे राहून दुबळ्या पायावर भार घेणे, एक पायरी चढणे व उतरणे, रोज थोडे अधिक अंतर चालणे, असा हा व्यायाम आहे. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर टाकलेली दहा पावले पुरेशी नाहीत. घरचा उंबरा, अंगण, शेताचा बांध आणि विशेषतः शौचालय येथवर जाता आले पाहिजे. दुसऱ्याच्या आधारावाचून शौचास जाता येणे ही माणसाच्या प्रतिष्ठेची बाब आहे.

घरच्या माणसांना शिकवून हे काम भागेल काय? भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर याची परीक्षा झाली. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कुटुंबाला शिक्षण दिलेले रुग्ण आणि नेहमीचे उपचार घेतलेले रुग्ण यांत सहा महिन्यांनंतर फरक आढळला नाही. दोन्हींकडे ४७ टक्के रुग्ण दगावले वा परावलंबी राहिले. घरच्यांनी स्वस्थ बसावे, असा याचा अर्थ नव्हे. मात्र कुटुंबाच्या मायेवर सर्व भार टाकून मोकळे होता येणार नाही. जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञाची देखरेख हवी, असे माझे मत आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण १९५३ साली सुरू झाले. आपल्या शेजारी बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

अडचण येते ती वाहनाची आणि सोबत जाणाऱ्याच्या बुडणाऱ्या मजुरीची. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती वर्षअखेरीस घाईने वाटण्यापेक्षा अशा रुग्णांची नोंद ठेवून तिचा विनियोग ठरवावा; दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढण्यास त्यांना साहाय्य करावे. सार्वजनिक जागी एक भक्कम कठडा बसविला, तरी सरावाची सोय होईल.

रुग्णाला चालविताना त्याच्या दुबळ्या बाजूस उभे राहावे. काठी चांगल्या हातात द्यावी. लुळा हात धरून ओढू नये, खांदा दुखावतो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली तर तेथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे.